ब्लड कॅन्सरच्या ‘मोफत औषधा’चा मेसेज: खुलासा

जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘ब्लड कॅन्सर बरा करणारं औषध सापडलं, इमिटिनेफ मर्सिलेट, चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये मोफत.’ पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण तेवढ्यावर विसंबून चोपड्याच्या, शिरपूरच्या कुणी चालू उपचार सोडून चेन्नईची गाडी धरू नये, एवढी कळकळीची विनंती.

औषधाचं खरं नाव इमॅटिनिब मेसिलेट. २००१ पासून वापरात आहे आणि गुणकारीही आहे, पण मुख्यतः क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या ब्लड कॅन्सरच्या एका प्रकारावर. या आजारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून तयार झालेलं बिघडलेलं प्रथिन पेशींना सतत वाढायला लावतं. गोळी नेमकं तेच प्रथिन बंद पाडते. ज्या ब्लड कॅन्सरमध्ये ते प्रथिनच नाही, तिथे ती काय करणार? शिवाय ही गोळी बहुतेकांना वर्षानुवर्षं रोज घ्यावी लागते.

आता कार-टी या ब्लड कॅन्सरवरच्या नव्या उपचाराबद्दलही ‘एका सलाइनमध्ये कॅन्सर गायब’ असं कुणी म्हणालं, तर तेही खरं मानू नका. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, प्रयोगशाळेत बदलून परत सोडतात. त्या सीडी१९ ही खूण असलेल्या पेशींना मारतात. ही खूण बी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर असते, म्हणून हा उपचार बी-पेशींच्या काही कॅन्सरवरच, तोही आधीचे उपचार लागू न पडल्यावर किंवा आजार उलटल्यावर देतात. नंतर तीव्र ताप येऊ शकतो, रक्तदाब घसरू शकतो.

मेसेज आला, तर आधी पेशंटच्या रिपोर्टवर कॅन्सरच्या प्रकाराचं पूर्ण नाव बघा आणि ते घेऊन रक्तविकारतज्ज्ञांना विचारा.