तपत्या दुपारी संत्र्याचं झाड काय करतं?

नवतपा लागला की नागपुरात दुपारी रस्ते ओस पडतात. पारा 45 अंशांच्या पुढे, डोक्याला दुपट्टा, घरोघरी कूलरची घरघर. झाडं उन्हात स्वतःचं अन्न तयार करतात हे शाळेत शिकल्यावर मला वाटायचं, एवढं ऊन म्हणजे त्यांची चंगळच! काटोलकडच्या वावरात आजोबा मात्र उलटं सांगायचे: "तपत्या दुपारी झाड निस्तं जीव धरून राह्यते."

आजोबांचं खरं होतं. ते का, हे समजायला आधी झाडाचं अन्न येतं कुठून ते पाहू. ते मातीतून येतं, असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं जाई. सतराव्या शतकात व्हान हेल्माँट यांनी सुमारे 90 किलो कोरडी माती कुंडीत भरून विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड 75 किलोंच्या वर गेलं, माती घटली जेमतेम 57 ग्रॅम! सगळं वजन पाण्याचं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो अर्धाच बरोबर होता, कारण हवा हिशेबात धरायची राहिली होती.

संत्र्याच्या फोडीतल्या साखरेतला कार्बन हवेतून आलेला असतो. हवेच्या दहा हजार रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम चार. पानातलं हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषतं, त्या ऊर्जेवर पाण्याचा रेणू फुटतो. त्यातला ऑक्सिजन हवेत सुटतो आणि हायड्रोजन कार्बनशी जुळून साखर घडते. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन असा पाण्यातून सुटलेला आहे, हे मला आजही विलक्षण वाटतं.

हवा आत येते ती पर्णरंध्रांतून. संत्र्याच्या पानाला ही सूक्ष्म दारं खालच्या बाजूला असतात. अडचण अशी की दार उघडलं की पाणीही उडून जातं. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत घ्यायला पाण्याचे शेकडो रेणू खर्ची पडतात. विदर्भाच्या कोरड्या, भाजणाऱ्या हवेत हा सौदा परवडत नाही. म्हणून दुपार चढली की झाड दारं मिटत नेतं. ऊन भरपूर, पण कच्चा माल बंद. वापरता न आलेला प्रकाश पान उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतं. कमाई होते ती मुख्यतः सकाळच्या उन्हात.

त्यात आणखी एक घोटाळा. कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर कधीकधी चुकून ऑक्सिजनच पकडतं, आणि ती चूक निस्तरताना कमावलेला काही कार्बन परत जातो. उष्णता वाढते तशा या चुका वाढतात. संत्रा, कापूस, गहू, सगळ्यांना हा भुर्दंड पडतो.

ज्वारीने मात्र यावर तोड काढली आहे. ती कार्बन डायऑक्साइड आधी दुसऱ्या विकराने पकडते आणि पानातल्या शिरांभोवतीच्या पेशींत कोंडून रुबिस्कोपुढे ठेवते. तिथे त्याची इतकी गर्दी असते की चूक क्वचितच होते. दारंही कमी उघडावी लागतात, पाणी वाचतं. उसातली हीच युक्ती हॅच आणि स्लॅक यांनी 1966 मध्ये ऑस्ट्रेलियात उलगडली. धुऱ्यावरचं निवडुंग तर दारं रात्रीच उघडतं.

संत्र्याकडे यातलं काही नाही. पण बागाईतदारांनी त्याचा स्वभाव ओळखला आहे. मृग बहारासाठी ते उन्हाळ्यात मुद्दाम पाणी तोडतात, झाडाला 'ताण' देतात. पाणी तुटलं की नवी पालवी आधी थांबते, अन्न तयार होणं त्यानंतर मंदावतं. म्हणून सकाळी कमावलेली साखर खर्च न होता फांद्यांत, मुळांत साठत जाते. बाहेरून बाग मलूल दिसते. मृगाचा पाऊस पडला की त्याच फांद्या पांढऱ्या फुलांनी भरतात, आणि ती फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात.