फुफ्फुसाच्या कर्करोगाचा प्रसार आणि नैसर्गिक संयुगे

वनस्पतींमध्ये तयार होणारी काही रासायनिक द्रव्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींची हालचाल, शेजारच्या ऊतकांत घुसणे आणि दूरच्या अवयवात रुजणे यांवर परिणाम करतात. हळदीतील कर्क्युमिन, सोयाबीनमधील जेनिस्टीन, कांद्यातील क्वेर्सेटिन, तंबाखूतील निकोटिन ही अशी संयुगे होत. हिंगोली-नांदेडची हळद, लातूरचे सोयाबीन आणि बीडचे सीताफळ यांमुळे मराठवाड्यात हा विषय प्रयोगशाळेत न राहता घराघरांत बोलला जातो. यांतली काही संयुगे प्रसार मंदावतात, काही वाढवतात. द्रव्य झाडातून आले एवढ्यावरून ते कोणत्या बाजूचे, हे ठरत नाही.

कर्करोगाने दगावणारे बहुतेक रुग्ण मूळ गाठीने नव्हे, तर तिच्या प्रसाराने दगावतात. फुफ्फुसाच्या अस्तरातील पेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनाच्या आधारे एकमेकींना धरून असतात. प्रसार सुरू होताना हे प्रथिन कमी होते, पेशीला हलते करणारे व्हायमेंटिन हे प्रथिन वाढते आणि पेशी सुटी होऊन सरकू लागते. एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही विकरे पेशीभोवतीचे जाळे कुरतडून वाट करून देतात. मग रक्तातून किंवा लसिकेतून पेशी मेंदू, हाडे, यकृत, अधिवृक्क ग्रंथी येथे पोहोचते. पोहोचलेल्या पेशींपैकी फारच थोड्या रुजतात. बी कुठेही पडले तरी मानवेल त्या जमिनीतच उगवते, हा विचार इंग्लंडमधील शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये मांडला आणि तो आजही टिकून आहे.

नैसर्गिक संयुगांवरचे बरेचसे काम ए-५४९ या पेशीवाणावर झाले आहे. ५८ वर्षांच्या एका रुग्णाच्या फुफ्फुसातील गाठीपासून १९७२ मध्ये तयार केलेल्या या पेशी आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. बशीत पेशींचा थर वाढवून त्यावर रेघ ओरखडायची आणि ती किती तासांत भरते ते पाहायचे, ही एक चाचणी. सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यावर जेलचा थर देऊन किती पेशी पलीकडे जातात हे मोजायचे, ही दुसरी. कर्क्युमिन, क्वेर्सेटिन, जेनिस्टीन आणि द्राक्षातील रेस्व्हेराट्रॉल यांनी अशा चाचण्यांत पेशींचा वेग कमी केल्याचे अनेकदा दिसले आहे. एमएमपी विकरे घटल्याचे आणि ई-कॅडहेरिन पुन्हा वाढल्याचेही दिसले आहे. हे निष्कर्ष खरे आहेत, पण ते बशीतले आहेत.

हळदीचे उदाहरण नीट पाहायला हवे, कारण मराठवाड्यात सर्वाधिक आशा तिच्यावरच लावली जाते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सुक्या हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के असते. प्रयोगशाळेत पेशींवर बहुधा ५ ते ५० मायक्रोमोलर (द्रवातील तीव्रतेचे एकक) एवढी मात्रा वापरतात. कर्क्युमिन मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून थोडेच शोषले जाते आणि शोषलेले यकृत झपाट्याने बदलून टाकते. दिवसाला ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन घेणाऱ्यांच्याही रक्तात ते २ मायक्रोमोलरपर्यंत जेमतेम गेले, आणि ८ ग्रॅम कर्क्युमिनसाठी सुमारे पाव किलो हळद लागेल. कपभर हळदीच्या दुधाने ते भरून निघत नाही. मिऱ्यातील पायपरीनमुळे शोषण बरेच वाढते, हे १९९८ मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवले. तरीही कर्क्युमिनने माणसाच्या फुफ्फुसातील कर्करोगाचा प्रसार रोखल्याचे सिद्ध झालेले नाही.

याच्या उलट बाजूचा पुरावा अधिक भक्कम आहे आणि लोकांपर्यंत तो कमी पोहोचला आहे. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटिन कर्करोग टाळेल, या अपेक्षेने फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपानी पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आला तो असा : रोज २० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतील दुसरी चाचणी याच कारणाने १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. हे गोळ्यांविषयी आहे. गाजर खाणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. पुढे २०१९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत ई जीवनसत्त्वाने प्रसार वाढवल्याचे दिसले आणि त्यामागची यंत्रणाही उलगडली. ई जीवनसत्त्वासारख्या प्रतिऑक्सिडीकारकांमुळे (अँटिऑक्सिडंट) पेशीतील मुक्त हीम हा लोहयुक्त रेणू कमी होतो, त्यामुळे एरवी लवकर नष्ट होणारे बीएसीएच-१ हे प्रथिन टिकून राहते आणि पेशीला साखर जाळून सरकण्याची ताकद देते. ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून विकली जाणारी पूड कर्करोगाच्या रुग्णाला हितकारकच असेल, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

निकोटिन हेही वनस्पतीतलेच संयुग. फुफ्फुसाच्या पेशींवरील ग्राहींना (संदेश झेलणाऱ्या प्रथिनांना) चिकटून ते पेशींची वाढ व स्थलांतर वाढवते आणि ई-कॅडहेरिन घटवते, असे प्रयोगांत आढळले आहे. धुरातील मुख्य कर्करोगकारक द्रव्ये वेगळी आहेत, हे खरे. पण विडी, मळलेली तंबाखू आणि बायकांची मिश्री यांतून मराठवाड्यात निकोटिन दिवसभर शरीरात जात राहते. गाठीचे निदान झाल्यावर ‘आता सोडून काय उपयोग’ असे म्हणणाऱ्या रुग्णाला सांगण्यासारखे एवढे नक्की आहे, की निदानानंतर धूम्रपान सोडणाऱ्यांचे आयुष्य न सोडणाऱ्यांपेक्षा वाढते.

झाडांपासून खरी औषधेही मिळाली आहेत. अंगणातल्या सदाफुलीतील अल्कलॉइडांपासून बनवलेले व्हिनोरेल्बिन १९९४ पासून अमेरिकेत फुफ्फुसाच्या कर्करोगावर मान्य आहे. सह्याद्रीतील नरक्या या झाडात सापडणाऱ्या कॅम्प्टोथेसिनपासून टोपोटेकान हे औषध तयार होते. ही द्रव्ये मुख्यतः पेशींचे विभाजन थांबवतात. त्यांची मात्रा रुग्णाच्या शरीराच्या आकारमानानुसार मोजून, रक्तातील पांढऱ्या पेशींवर नजर ठेवूनच दिली जाते. सदाफुलीची पाने चावून खाल्ल्याने ती मात्रा साधत नाही, विषबाधा मात्र होऊ शकते. सीताफळाच्या बियांतील व पानांतील ॲसिटोजेनिने पेशींचा ऊर्जापुरवठा तोडतात, पण निरोगी पेशींचाही. उवांसाठी लावलेली बियांची पूड डोळ्यात गेल्यास डोळ्याला इजा होते, हे खेड्यापाड्यांत ठाऊक आहेच.

उपचार चालू असताना या संयुगांचा आणखी एक परिणाम जाणवतो. पायपरीन यकृतातील सीवायपी-३ए४ या विकराला अडवते, आणि व्हिनोरेल्बिन, एटोपोसाइड, जेफिटिनिब ही कर्करोगावरची औषधे शरीर याच विकराने निकामी करते. स्वयंपाकातल्या मिऱ्याने फरक पडण्याची शक्यता कमी. हळद-मिऱ्याचे अर्क भरलेल्या कॅप्सूलने मात्र औषधाची रक्तातील पातळी आणि तिच्याबरोबर दुष्परिणाम वाढू शकतात. किमोसाठी गावाहून येणारे बरेच रुग्ण असे काढे आणि कॅप्सूल घेत असतात, आणि डॉक्टर रागावतील म्हणून ते सांगत नाहीत. कॅप्सूलची किंवा काढ्याची डबी सोबत नेऊन दाखवली, तर डॉक्टरांना औषधाची मात्रा ठरवणे सोपे जाते.