कच्च्या तेलातील हायड्रोकार्बने

कच्चे तेल हे हजारो कार्बनी संयुगांचे मिश्रण असते; त्यामुळे त्याला स्वतःचे रेणुसूत्र नाही की ठरावीक उत्कलनबिंदू नाही. मूलद्रव्यांचा हिशेब मात्र साधा आहे. वजनाने ८३ ते ८७ टक्के कार्बन, १० ते १४ टक्के हायड्रोजन, बाकी गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि अल्पांशाने निकेल, व्हॅनेडियम हे धातू. कोणत्याही विहिरीचे तेल घेतले तरी कार्बन-हायड्रोजनचे आकडे फारसे हलत नाहीत. तरीही एक तेल पाण्यासारखे वाहते, तर दुसरे तापवल्याखेरीज नळातून सरकत नाही. कार्बनचे अणू एकमेकांना कसे जोडले आहेत, यावर हे अवलंबून असते.

फक्त कार्बन आणि हायड्रोजन असलेली संयुगे म्हणजे हायड्रोकार्बने; तेलात त्यांची मुख्य घराणी तीन. पॅराफिन म्हणजे अल्केन: सरळ किंवा फांद्या असलेल्या उघड्या साखळ्या, ज्यांत हायड्रोजनचे अणू कार्बनच्या दुपटीहून दोन जास्त असतात. नॅफ्थीन म्हणजे पाच-सहा कार्बनांची संपृक्त, म्हणजे फक्त एकेरी बंधांची, वलये. तिसरे घराणे बेंझीन वलय (सहा कार्बनांचे खास स्थिर वलय) असलेल्या अ‍ॅरोमॅटिक संयुगांचे. शाळेत अल्केनपाठोपाठ शिकवली जाणारी, कार्बनांत दुहेरी बंध असलेली अल्कीन मात्र कच्च्या तेलात जवळजवळ नसतात. प्लॅस्टिक उद्योगाला लागणारी एथिलीन, प्रोपिलीन ही अल्कीन कारखान्यात मोठे रेणू उष्णतेने तोडूनच मिळवावी लागतात.

साखळी लांबली की रेणूंमधील आकर्षण वाढते आणि उत्कलनबिंदू चढतो: मिथेन उणे १६२, प्रोपेन उणे ४२, पेंटेन ३६, ऑक्टेन १२६ अंश सेल्सिअस. भागशः ऊर्ध्वपातन, म्हणजे तापवलेले तेल उंच मनोऱ्यात उत्कलनबिंदूनुसार वेगळे करणे, या चढणीवरच चालते. मनोऱ्यात सर्वांत वर वायू, त्याखाली नॅफ्था, मग केरोसीन, डिझेल आणि तळाशी जड अवशेष. हा अवशेष पुढे निर्वात मनोऱ्यात नेतात, जिथे कमी दाबामुळे तो कमी तापमानाला उकळतो; कारण साध्या दाबाखाली साधारण ३५० अंशांपलीकडे तापवले तर रेणू उकळण्याऐवजी फुटू लागतात.

लांबीइतकाच आकारही महत्त्वाचा. पाच कार्बनांच्या पेंटेनचे तीन समघटक आहेत, म्हणजे सूत्र एकच पण जोडणी वेगळी. त्यांतला सरळ साखळीचा ३६ अंशांना उकळतो, तर चार बाजूंनी फांद्या फुटलेला निओपेंटेन १० अंशांच्या आतच. दहा कार्बनांना ७५ रचना शक्य होतात, वीस कार्बनांना साडेतीन लाखांहून अधिक. तेलातील प्रत्येक रेणू वेगळा काढण्याच्या फंदात कोणी पडत नाही, ते यामुळेच. इंजिनालाही हा आकार कळतो. सरळ साखळीचा हेप्टेन दाबाखाली अवेळी पेटून ठोके देतो, म्हणून त्याचा ऑक्टेन अंक, म्हणजे ठोके टाळण्याच्या क्षमतेचे माप, शून्य धरला आहे. फांद्यांच्या आयसोऑक्टेनचा १००. मनोऱ्यातून थेट आलेला नॅफ्था या कसोटीत कमी पडतो. प्लॅटिनमयुक्त उत्प्रेरकावर त्यातील साखळ्या आणि नॅफ्थीन वलये अ‍ॅरोमॅटिकमध्ये बदलून त्याचा अंक वाढवतात. मात्र बेंझीन कर्करोगकारक असल्याने भारतीय पेट्रोलमध्ये त्याला एक टक्क्याची मर्यादा आहे.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्राचे तेल हलके, कमी गंधकाचे आहे. मेक्सिकोच्या ‘माया’ तेलात हेच गंधक तीन टक्क्यांहून जास्त भरते. ते हायड्रोजनच्या साहाय्याने हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात बाहेर काढतात. भारत स्टेज ६ मानकानुसार पेट्रोल-डिझेलमध्ये ते दशलक्ष भागांत १० भागांपेक्षा जास्त चालत नाही. गंमत अशी, की स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील प्रोपेन-ब्युटेनला वास नसल्याने त्यात गंधकाचेच एक संयुग, एथिल मरकॅप्टन, मुद्दाम मिसळले जाते.

तेलाच्या जड भागात रेझिने आणि अस्फाल्टीन हे गंधक-नायट्रोजनयुक्त मोठे रेणू असतात, आणि तेलाच्या उगमाचा पुरावाही तिथेच सापडला. १९३० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांनी तेलातून पॉर्फिरिने, म्हणजे मध्ये धातू धरून ठेवणारी मोठी नायट्रोजनयुक्त वलये, वेगळी केली. त्यांचा सांगाडा हरितद्रव्याच्या सांगाड्याशी जुळत होता. मधल्या मॅग्नेशियमची जागा व्हॅनेडियम किंवा निकेलने घेतली होती. तेल सजीवांच्या अवशेषांतून बनले, याचा हा भक्कम रासायनिक पुरावा ठरला. शुद्धीकरण कारखान्याला मात्र हेच धातू नकोसे असतात. ते उत्प्रेरकावर साचून त्याला निकामी करतात, म्हणून जड तेल घेताना गंधकाबरोबर त्यांचेही प्रमाण तपासले जाते.