बाळाचं रक्त काढताना अंगावर पाजणं आणि साखरेचे थेंब: दोन्ही एकच नव्हे

नवजात बाळांच्या वार्डात काम करताना हा प्रश्न सारखा कानावर येते, "सिस्टर, रक्त काढताना बाळाला गोड देतात ना, मग आईचं दूधही गोडच आहे, तेच चमच्यानं देऊन टाकू का?" प्रश्न अगदी रास्त आहे, पण इथंच गडबड होते. अंगावर पाजणं आणि साखरेचे थेंब, दोन्ही औषधाशिवाय दुखणं कमी करतात, पण दोघांची कामाची पद्धत वेगळी, वेळ वेगळी, अन् एकाच्या जागी दुसरं अर्धवट बसवलं की लेकराला पुरेसा फायदा होत नाही.

रक्त कशाकशाचं काढतात तर काविळीसाठी बिलिरुबिन, थायरॉईड, जी6पीडी (लाल पेशींना जपणारं एक एन्झाइम), आणि आपल्या विदर्भात सिकलसेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा रक्ताचा आजार) बरंच असल्यामुळे तीही तपासणी. बहुतेक वेळा टाचेच्या कडेला टोचतात अन् थेंब यावा म्हणून टाच दाबतात, अन् खूपदा टोचण्यापेक्षा ते दाबणंच बाळाला जास्त दुखते. "इतक्या लहान जिवाला काय समजते" असं अजूनही ऐकू येते तेव्हा मला खरंच वाईट वाटते. 1980 च्या दशकापर्यंत जगभर तान्ह्या बाळांची ऑपरेशनंसुद्धा पुरेशी भूल न देता व्हायची, मग इंदूरला डॉक्टरकी शिकलेले कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमधून 1987 साली दाखवून दिलं की बाळाचं शरीर दुखण्याचा केवढा ताण घेते.

आता अंगावर पाजणं. 2003 साली फ्रान्समधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला, तो मी प्रत्येक आईला सांगते. पूर्ण दिवसांची 180 बाळं, शिरेतून रक्त काढायचं, आणि चार गट: एक आईच्या अंगावर पिणारा, एक नुसता आईच्या हातात, एकाला साधं पाणी, एकाला 30 टक्के ग्लुकोज आणि सोबत चोखायला चोखणी. 0 ते 10 च्या मापावर दुखणं मोजलं तर मधला आकडा असा आला की पिणारी बाळं 1, ग्लुकोज-चोखणीवाली 3, पाणीवाली 10, अन् नुसती हातात घेतलेलीही 10! म्हणजे आई जवळ असणं एवढंच पुरत नाही, बाळ पीत असलं पाहिजे. (उघड्या छातीवर उघडं बाळ ठेवायचं कांगारू पद्धतीनं, ती गोष्ट वेगळी, त्यानं दुखणं कमी होते.)

काहून एवढा फरक? कारण पिताना बाळाला एकाच वेळी आईची ऊब मिळते, वास मिळतो, चोखणं चालू असते, तोंडात चव असते, लक्ष सगळं तिकडं. दुधाचा गोडवा त्यात एक छोटा भाग, कारण आईच्या दुधात 100 मिलीला साधारण 7 ग्रॅम लॅक्टोज (दुधातली साखर) असते अन् लॅक्टोज आपल्या साध्या साखरेपेक्षा कितीतरी कमी गोड. म्हणूनच वाटीत काढलेलं दूध चमच्यानं दिलं तर तेवढा परिणाम होत नाही, साखरेच्या थेंबांइतकाही नाही. पोट भरायला ते दूध उत्तमच आहे, टोचण्यासाठी मात्र कमी पडते.

साखरेच्या थेंबांचं उलट आहे, तिथं सगळं काम गोडव्याचंच. बाहेरच्या देशांत 24 टक्के सुक्रोज (म्हणजे साधी साखर) वापरतात, आपल्याकडे बरेच ठिकाणी 25 टक्के डेक्स्ट्रोजची (म्हणजे ग्लुकोजचीच) ॲम्प्यूल फोडून सिरिंजनं जिभेच्या टोकावर थोडे थेंब देतात. इतकं तीव्र गोड जिभेला लागलं की शरीर आतून स्वतःचीच वेदना कमी करणारी रसायनं सोडते असं मानतात. त्यामुळे ते जिभेवरच पडलं पाहिजे, नळीनं थेट पोटात गेलं तर उपयोग नाही. वेळही पाळावी लागते: टोचायच्या साधारण 2 मिनिटं आधी, अन् असर काही मिनिटांचाच, म्हणून टाच बराच वेळ दाबावी लागली तर पुन्हा थेंब लागू शकतात. अन् एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, 2010 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या लंडनच्या अभ्यासात साखर दिलेल्या बाळांचे चेहरे कमी आक्रसले पण मेंदूतली दुखण्याची नोंद कमी झालेली दिसली नाही. तेव्हापासून यावर वाद चालूच आहे, म्हणून माझं मत साफ आहे: आई जवळ असेल अन् बाळ नीट पीत असेल तर पहिली पसंती पाजण्याला, ते जमत नसेल तरच थेंब.

थेंब कोणासाठी मग? बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे, दिवस भरायच्या आधी आलंय अन् अजून ओढता येत नाही, किंवा सिझर होऊन आई दुसऱ्या मजल्यावर पडून आहे. तिथं ते फार कामाचे, पण किती द्यायचे ते डॉक्टरच ठरवणार, कमी दिवसांच्या बाळाला तर अगदी मोजून. घरी चमच्यात साखर विरघळवून किंवा गुटीत बुडवलेलं बोट चाटवून हे होत नाही बाप्पा, अन् मध तर वर्षाच्या आत अजिबातच नाही, त्यातनं बोटुलिझम (जंतूच्या विषानं होणारा गंभीर आजार) होऊ शकते. आजीचा जीव तुटते म्हणूनच ती चाटवते, तिच्यावर रागावू नका, नीट समजावून सांगा.

आपल्या नागपुरातलं डागा हॉस्पिटल असो, सरकारी मेडिकल असो की धंतोलीतलं खाजगी हॉस्पिटल, लॅबवाला ट्रे घेऊन आला की त्याला एवढंच म्हणा, "दादा, दोन मिनिटं थांबा, बाळाला लावून घेते." बाळानं नीट पकडलं, घोट घेताना दिसलं की मग टाच त्याच्याकडे द्या, अन् टोचून, दाबून, बोळा लावून होईपर्यंत सोडवू नका. ठसका लागेल अशी भीती असते, पण अभ्यासांमध्ये तसा त्रास दिसलेला नाही. दीड महिन्याच्या लसीलाही हेच चालते, जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 सालीच सांगितलंय की लस देताना किंवा त्याच्या जरा आधी अंगावर पाजावं, फक्त तोंडावाटे द्यायचे डोस आधी उरकून घ्या अन् सुई शेवटी.