उत्तर आलंच नाही, तर?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये मावलेला छोटा संगणक. त्याच्या फ्लॅश मेमरीत (वीज गेली तरी टिकणाऱ्या साठ्यात) प्रोग्रॅम भरणाऱ्या उपकरणालाही ‘प्रोग्रॅमर’च म्हणतात. एका बाजूला आपला संगणक, दुसऱ्या बाजूला कोरी चिप आणि मध्ये हा दुभाषी. संगणक आणि दुभाषी यांच्यात सिरियल तारांवरून एकामागोमाग एक बाइट (० ते २५५ मधला एकेक आकडा) जातात. कोणत्या बाइटचा अर्थ काय घ्यायचा, याचा करार म्हणजे प्रोटोकॉल.

असा प्रोटोकॉल आखायला बसलं, की आज्ञांची यादी पटकन होते. चिपची ओळख विचार, मेमरी पूस, पान (मेमरीचा एक ठरावीक तुकडा) लिही, पान वाच. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. मी मात्र आधी एक प्रश्न कागदावर लिहितो : आज्ञा पाठवली आणि उत्तर आलंच नाही, तर?

या शांततेची कारणं दोन असू शकतात. आज्ञाच वाटेत बिघडली असेल, किंवा आज्ञा पोचून काम झालं असेल आणि उत्तर हरवलं असेल. संगणकाला दोन्ही अगदी सारखंच दिसतं. तो एवढंच करू शकतो, की तीच आज्ञा पुन्हा पाठवायची. म्हणजे आज्ञाच अशी हवी, की दोनदा पाळली तरी नुकसान होणार नाही.

एटीमेगा३२८पी ही चिप घ्या. तिची फ्लॅश ३२ किलोबाइटची, १२८ बाइटच्या २५६ पानांत विभागलेली. आपण ‘पुढचं पान लिही’ अशी आज्ञा ठरवली आहे असं समजा. चाळिसावं पान (मोजणी शून्यापासून) लिहून झालं, उत्तर हरवलं, संगणकाने आज्ञा पुन्हा पाठवली. प्रोग्रॅमर तोच मजकूर एक्केचाळिसाव्या पानावर लिहून मोकळा! तिथून पुढचा सगळा प्रोग्रॅम एका पानाने सरकतो आणि संगणकाकडे मात्र प्रत्येक पानाची ‘झालं’ अशी पोच जमा असते. तेच ‘५१२० या पत्त्यापासून हे १२८ बाइट लिही’ असं सांगितलं, तर दुसऱ्यांदाही त्याच जागी तोच मजकूर पडतो. पत्त्याचे दोन बाइट जास्त जातात, पण ते वाचवण्यात काहीच शहाणपण नाही.

उशिरा आलेलं जुनं उत्तर हा याच दुखण्याचा दुसरा पैलू. एटीमेगा चिप बनवणाऱ्या अ‍ॅटमेल कंपनीच्या एसटीके५०० या प्रोग्रॅमरच्या प्रोटोकॉलच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो आणि उत्तरात तोच क्रमांक परत येतो. त्यामुळे कोणतं उत्तर कशाचं, हा घोळ उरत नाही.

संदेश सुरू कुठे होतो, हेही ओळखता यायला हवं. एसटीके५०० मध्ये सुरुवातीला २७ हा बाइट येतो आणि पुढे लांबी सांगितलेली असते. पण २७ हा आकडा मजकुरातही असू शकतो, आणि लांबीचाच बाइट बिघडला तर प्रोग्रॅमर कधीच न येणाऱ्या बाइटची वाट पाहत बसतो. मला स्लिपची रीत जास्त आवडते. सिरियल तारेवरून इंटरनेट चालवण्याची ही पद्धत १९८८ च्या आरएफसी १०५५ या इंटरनेटविषयक दस्तऐवजात नोंदवलेली आहे. संदेशाच्या शेवटी १९२ हा बाइट, आणि मजकुरात १९२ आला तर त्याच्या जागी २१९, २२० ही जोडी. मजकुरातल्या २१९ साठी २१९, २२१. त्यामुळे तारेवर १९२ दिसला की तो सीमेचाच दगड. कितीही गोंधळ झाला तरी पुढच्या १९२ पासून गाडी रुळावर येते. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचा बूटलोडर (नवा प्रोग्रॅम आत घेणारा त्याच्यातलाच छोटा प्रोग्रॅम) आजही हीच रीत वापरतो.

संदेश बिघडलाय का, हे तपासायला बाइटांची नुसती बेरीज पुरत नाही : दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते. म्हणून सीआरसी-१६, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढून संदेशाला जोडलेली १६ बिटांची खूण. सलग १६ बिटांच्या आतला कोणताही बिघाड ती पकडतेच.

आता वेळेचं गणित. ११५२०० बॉड (इथे सेकंदाला तेवढे बिट) वेगाला, एका बाइटमागे १० बिट धरले (८ मजकुराचे, २ सुरुवात-शेवटाच्या खुणांचे), तर सेकंदाला ११५२० बाइट येतात. फ्लॅशचं एक पान लिहायला साधारण ४.५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात पन्नासेक नवे बाइट दाराशी उभे! ते ठेवायला जागा नसेल तर हरवतील. म्हणून उत्तर आल्याशिवाय पुढचं पान पाठवायचं नाही, हा साधा नियम उत्तम. संगणकाने वाट किती पाहायची? पूर्ण चिप पुसायला ९ मिलिसेकंद लागतात, म्हणून १० ची मुदत पुरेशी वाटेल. पण संगणकाचं यूएसबी आणि सिरियल तारा जोडणारी एफटीडीआय कंपनीची प्रचलित चिप आलेले थोडेसे बाइट मुळात १६ मिलिसेकंदांपर्यंत स्वतःजवळ धरून ठेवते. काही शे मिलिसेकंदांची मुदत ठेवावी.

आणि ‘पान वाच’ ही आज्ञा कधीही गाळू नये. ‘झालं’ या उत्तराचा अर्थ प्रोग्रॅमरने आपलं काम उरकलं एवढाच. चिपमध्ये नेमकं काय उतरलं, ते सगळी पानं परत वाचून मूळ फाइलशी ताडल्यावरच कळतं.