जात-जमात आणि आरोग्य-संशोधन

एखादा आजार, एखादं जनुक किंवा खाण्यापिण्याची एखादी सवय कुठल्या लोकांत किती दिसते हे बघायचं तर आधी माणसांचे गट पाडावे लागतात, आणि ते वंश, जमात, जात, भाषा, प्रदेश यांवरून पाडले जातात. अमेरिकेत फॉर्मवर ‘रेस’ विचारतात, ब्रिटनमध्ये ‘एथनिक ग्रुप’, आपल्याकडे जात आणि जमात. आता हा कॉलम दिसतो एकच, पण तो कशाबद्दल माहिती देतोय हे प्रत्येक अभ्यासात वेगळं असतं. कधी तो लग्नं कुणाकुणात होतात ते सांगतो, कधी पूर्वज कुठल्या मलेरियाच्या पट्ट्यात राहिले ते, कधी दवाखाना घरापासून किती लांब आहे ते. हे वेगळं न करता नुसते टक्के छापले की वाचणाऱ्याला वाटतं आजार त्या समाजाच्या रक्तातच आहे. महाराष्ट्रात हे समजायला सिकलसेल या आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारासारखं उदाहरण नाही, म्हणून या नोंदीत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

त्याआधी थोडा इतिहास, कारण मोजमापाची सुरुवात आपल्याकडे आजारापासून नाही तर नाकापासून झाली. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी-लांबी मोजून जातींची उतरंड वंशावर उभी असल्याचं मांडलं, आणि सरकारी मान्यता असल्याने ते बरीच वर्षं चाललं. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्यातल्या ढिसाळपणावर बोट ठेवलं, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अशाच मोजमापांचे आकडे घेऊन दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगवेगळ्या वंशाचे आहेत असं त्यातून अजिबात निघत नाही. इरावती कर्व्यांचं काम इथे फार महत्त्वाचं. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला पीएचडीला गेल्या, गाइड होते ऑयगेन फिशर, ज्यांच्या विचारांचा पुढे नाझींनी भरपूर वापर केला. विषय मिळाला कवटीच्या दोन बाजूंमधला फरक आणि त्याचा वंशाशी संबंध, अपेक्षा अशी की युरोपियन कवट्या वेगळ्या निघतील. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाशी याचा संबंध दिसत नाही. गाइडच्या मताविरुद्ध, परक्या देशात, त्या काळात, एका विद्यार्थिनीने. नंतर पुण्याला डेक्कन कॉलेजमध्ये असताना त्यांनी महाराष्ट्रातल्या जातींची मोजमापं केली, आणि १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रांसोबत एकाच दर्जाच्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना छापली. ‘ब्राह्मण’ असा एकच जैविक गट धरून चालत नाही, ज्या गटात प्रत्यक्ष लग्नं होतात तोच गट अभ्यासाला घ्यावा, हा त्यांचा आग्रह आजच्या जनुकशास्त्रालाही लागू पडतो. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांचा जनुकीय डेटा बघून संशोधकांनी दाखवलं की त्यातले ८१ गट थोड्याच पूर्वजांपासून वाढलेले आणि आपापसातच लग्नं करत आलेले आहेत, तेही फिनलंडचे लोक किंवा मध्य आणि पूर्व युरोपातले अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षा जास्त प्रमाणात. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात भूल देताना वापरायच्या एका औषधाचा असर लवकर न उतरण्याचा दोष जास्त दिसतो तो यामुळेच. वर्ण बघून हे कळत नाही, सोयरीक कुणाशी होते ते बघून कळतं.

आता सिकलसेल. ११ व्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनचं एक जनुक आहे, त्यात एका जागी बदल झाला की प्रथिनात ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं, आणि ऑक्सिजन कमी झाला की गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. बदललेलं जनुक आई-वडील दोघांकडून आलं तर आजार, एकाकडून आलं तर माणूस फक्त वाहक, म्हणजे जनुक आहे पण आजार नाही. विदर्भात लोक आजाराला सरळ ‘एसएस पॅटर्न’ आणि वाहकाला ‘एएस पॅटर्न’ म्हणतात, गावातल्या आशाताईपासून कॉलेजच्या पोरापर्यंत सगळे. एसएसवाल्या लेकराचे हातपाय सुजतात, मोठेपणी थंडीत, पावसात, पाणी कमी प्यायलं किंवा अंगमेहनत जास्त झाली की हाडं-सांधे असे दुखतात की माणूस उठू शकत नाही. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत भाताच्या रोवणीच्या दिवसांत भर पावसात चिखलात वाकून काम करावं लागतं, म्हणजे दुखणं वाढवणाऱ्या बऱ्याच गोष्टी एकाच वेळी येतात. कित्येक घरांत याला वर्षानुवर्षं वात समजून अंगारे-मालिश चालतं, आणि शाळा सुटते ती सुटतेच.

हा आजार ‘कुणाचा’ यावर जगात खूप गोंधळ झालेला आहे. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी पहिली नोंद छापली, रुग्ण होता ग्रेनडाहून आलेला दंतवैद्यकाचा विद्यार्थी. तिथून अमेरिकेत हा ‘काळ्यांचा आजार’ ठरला तो इतका पक्का की ग्रीक किंवा इटालियन रुग्णात सापडला तर डॉक्टर त्याच्या घराण्यात आफ्रिकन रक्त शोधायचे. १९५४ मध्ये ॲंथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या कामातून दाखवलं की वाहकांना फाल्सिपेरम या जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं, म्हणून जिथे मलेरिया मुरलेला तिथे हे जनुक टिकलं आणि वाढलं. आफ्रिका, ग्रीसचे काही भाग, सौदी अरेबियाचा पूर्व किनारा, भारतातले जंगलपट्टे, यांना जोडणारा धागा कातडीचा रंग नाही, मलेरिया आहे. जनुकाच्या आजूबाजूच्या खुणांवरून त्याचे आफ्रिकी प्रकार आणि एक अरब-भारतीय प्रकार सांगतात, आणि हा बदल एकदाच झाला की वेगवेगळ्या ठिकाणी यावर अजून वाद चालू आहे.

भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत लेहमन आणि कटबुश यांना सिकलसेल सापडला. म्हणून आपल्याकडे तो ‘आदिवासींचा आजार’ झाला. पण १९५८ मध्येच नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांबद्दल छापलं होतं, आणि त्यात महार, कुणबी, तेली असे आदिवासी नसलेले समाज होते. पुढे पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्यभर महाराष्ट्रभर फिरून तपासण्या केल्या (२०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली), त्यांच्या कामातून भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा जमातींत वाहकांचं प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत असल्याचं दिसलं. नंदुरबार, नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ हे जास्त भार असलेले जिल्हे. त्यामुळे जमातीचा कॉलम निरुपयोगी आहे असं कुणी म्हणू नये, कुठल्या गावात आधी जायचं ते तो बरोबर सांगतो. पण नागपूरच्या वस्तीतल्या बौद्ध किंवा तेली घरातलं दुखणारं पोर डॉक्टरसमोर आलं आणि ‘हे आदिवासी नाहीत’ म्हणून टेस्टच लिहिली नाही, तर त्याच कॉलमने नुकसान केलं.

टेस्ट काही मोठी नसते. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त एका द्रावणात टाकतात, नळी गढूळ झाली आणि मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की सिकल हिमोग्लोबिन आहे. पण एएस आणि एसएस यातला फरक इथे कळत नाही, त्यासाठी मशीनवर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. नवजात बाळाला ही नळीची टेस्ट चालत नाही कारण त्याच्या रक्तात गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं. म्हणजे बघा, जमात सांगून काम अर्धंच होतं, नळीनेही पूर्ण होत नाही, शेवटच्या मशीनपर्यंत नमुना पोचावा लागतो आणि रिपोर्ट परत त्या घरी यावा लागतो, जे दुर्गम भागात सगळ्यात अवघड.

लग्नाचा भाग नीट समजून घ्यायला हवा कारण संस्कृती आणि जनुक इथे एकमेकांत गुंततात. गोंडांमध्ये चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळं असतात आणि एकाच देवसंख्येच्या घरात लग्न करत नाहीत, म्हणजे जवळच्या रक्तात लग्न टाळायची रीत पक्की आहे. पण लग्न जमातीतच होतं, आणि जनुक सगळ्या कुळांत पसरलेलं आहे. साधं गणित मांडा. १०० पैकी ३० वाहक असतील तर नवरा-बायको दोघंही वाहक असण्याची शक्यता सुमारे ९ टक्के, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के, म्हणजे ४४-४५ जन्मांमागे एक. तेच वाहक १०० मागे एकच असेल तर ४०,००० जन्मांमागे एक. देशभरातल्या अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास मंत्रालय ८६ जन्मांमागे एक हा आकडा देतं. हा फरक कुणाच्या चालीरीती मागासलेल्या असल्याने पडत नाही, उच्चवर्णीय समाजही जातीतच लग्नं करतात, त्यांच्यात हे जनुक कमी आहे एवढंच.

महाराष्ट्रात रुग्णाला लाल आणि वाहकाला पिवळं कार्ड द्यायची पद्धत आली, लग्नाआधी कार्ड बघा असा प्रचार झाला. हेतू चांगला आहे, पण पिवळं कार्ड म्हणजे आजार नाही हे गावात समजावलं गेलं नाही तर पोरीचं स्थळ मोडतं, मुलाचं बहुधा लपवलं जातं, आणि मग लोक तपासायलाच येत नाहीत. अमेरिकेत हे आधीच होऊन गेलंय. १९६८ मध्ये लायनस पॉलिंग, ज्यांनी १९४९ मध्ये सिकलसेल हा रेणूच्या पातळीवरचा आजार असल्याचं दाखवलं तेच, त्यांनी वाहकांच्या कपाळावर गोंदवून खूण करावी असं सुचवलं होतं. १९७० च्या दशकात काही राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी सक्तीच्या तपासण्या आल्या, आणि हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना प्रवेश नव्हता तो १९८१ पर्यंत. उलट कृष्णवर्णीयांच्याच ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ पासून स्वतः वस्त्यांत मोफत तपासणी केंद्रं चालवली तेव्हा लोक आले, कारण तपासणारे आपले होते. आपल्याकडे १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ चं लक्ष्य, त्यातही लोकांना कोण आणि कुठल्या भाषेत समजावतंय यावर बरंच अवलंबून आहे. गोंडी, माडिया, पावरी बोलणाऱ्या बाईला मराठीतला छापील कागद देऊन समुपदेशन झालं असं धरू नये.

गटाच्या नावाने आजाराची तीव्रताही ठरवून टाकली गेली. अरब-भारतीय प्रकारात गर्भातलं हिमोग्लोबिन, जे पेशी वाकड्या होणं कमी करतं, ते मोठेपणीही जास्त राहतं, त्यामुळे भारतीय सिकलसेल सौम्य असं बरीच वर्षं शिकवलं गेलं. ते काही भागांत, काही रुग्णांत खरंही आहे. पण नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी आपल्याकडे येणाऱ्या मुलांचा पाठपुरावा केला तेव्हा वारंवार वेदना, रक्त चढवावं लागणं, जंतुसंसर्ग हे सगळं भरपूर सापडलं. सरासरी सौम्य आहे म्हणून समोरच्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया हे वेदनेचे झटके कमी करणारं औषध उशिरा द्यायचं, लसी टाळायच्या, हे चुकीचंच आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवं.

जिथे जनुकाने उत्तर मिळत नाही त्याचंही एक उदाहरण पुण्यातलंच. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची, पण मराठी बाळांचे स्नायू कमी असूनही चरबी मात्र टिकलेली. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) सारखाच २२ च्या आसपास, चरबी मात्र याज्ञिकांची २१ टक्के आणि युडकिन यांची ९. भारतीयांना बारीक असूनही मधुमेह का होतो याचं उत्तर ‘भारतीय वंश’ एवढ्यावर सोडून देता आलं असतं, पण या अभ्यासात आईचं पोषण, तिचे कष्ट, बी-१२ ची कमतरता अशा बदलता येणाऱ्या गोष्टी पुढे आल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी धोक्याचा इशारा २३ बीएमआयपासून धरायला सांगितलं. इथे गट उपयोगी पडला, फक्त पुढे कारण शोधायचं काम थांबवलं नाही. याच्या उलट किडनीच्या तपासणीत झालं, अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या किडनीच्या कामाचा आकडा गुणकाने वाढवून लिहायची सूत्रं होती, त्यामुळे किडनी प्रत्यक्षापेक्षा बरी दिसायची आणि पुढचे उपचार लांबायचे, २०२१ मध्ये नवीन सूत्रातून तो गुणक काढला.

रक्ताचे नमुने कशासाठी घेतले आणि कशासाठी वापरले हाही याच विषयाचा भाग. ॲरिझोनातल्या हवासुपाई जमातीने १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं, ते स्किझोफ्रेनिया, आपापसातली लग्नं आणि पूर्वजांचं स्थलांतर यांच्या अभ्यासालाही वापरलं गेलं, जमात कोर्टात गेली, आणि २०१० मध्ये अभ्यास करणाऱ्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने ७ लाख डॉलर देऊन नमुने परत केले. आपल्याकडे जीनोमइंडिया या सरकारी प्रकल्पातून १०,००० लोकांचा जनुकीय डेटा २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुला झाला, गडचिरोली-नंदुरबारसारख्या भागांतही पुढे असे नमुने घेतले जातील, तेव्हा संमती एका माणसाची सही घेऊन संपते की गावाशीही बोलायचं, हे आधी ठरायला हवं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश झाला, प्रमाणपत्र जात न बघता मिळतं, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर उच्च शिक्षणातल्या राखीव जागा लागू होतात. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात मात्र रक्ताचे आजार धरलेले नाहीत.