लिंडस्मिथ यांचे व्यसनविषयक संशोधन

अफू आणि तिच्यापासून तयार होणारे मॉर्फिन, हेरॉइन यांसारखे पदार्थ माणसाला कसे जखडतात आणि या व्यसनाची गुन्हेगारीशी सांगड कशी पडते, याविषयी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अ‍ॅल्फ्रेड लिंडस्मिथ (१९०५–१९९१) यांनी केलेले संशोधन व्यसनांच्या समाजशास्त्रात पायाभूत मानले जाते. शिकागो विद्यापीठात हर्बर्ट ब्लूमर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९३७ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढे इंडियाना विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले. त्यांचा प्रबंध १९४७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

रुग्णालयात वेदनाशमनासाठी आठवडेच्या आठवडे मॉर्फिन घेतलेले अनेक रुग्ण घरी गेल्यावर त्याचे नावही काढत नाहीत, आणि रस्त्यावर तेच औषध घेणारा मात्र त्याचा गुलाम होतो. हे कसे, हा लिंडस्मिथ यांचा मूळ प्रश्न होता. आपल्याला काय टोचले जात आहे हे ज्याला ठाऊक असते त्याला व्यसन लागते, असे त्यांनी आरंभी धरले होते. परंतु मॉर्फिन काही आठवडे जाणूनबुजून घेऊनही व्यसनापासून मुक्त राहिलेला एक डॉक्टर त्यांना भेटला आणि हे गृहीतक त्यांना टाकून द्यावे लागले. नव्याने मांडलेल्या सिद्धांतानुसार केवळ औषध घेतल्याने व्यसन जडत नाही. औषध बंद झाल्यावर जी तडफड सुरू होते (मुंबईतले नशेकरी जिला ‘टर्की’ म्हणतात) ती औषध न मिळाल्यामुळेच होत आहे हे व्यक्तीला कळले पाहिजे, आणि तो त्रास शमवण्यासाठी तिने पुन्हा औषध घेतले पाहिजे. हे कळणे बहुधा इतरांच्या सांगण्यातून, भाषेतून घडते. म्हणून व्यसन हे शारीरिक असते तितकेच सामाजिकही असते. एकही विरोधी उदाहरण आढळल्यास सिद्धांत बदलायचा, या त्यांच्या पद्धतीला विश्लेषणात्मक विगमन म्हणतात. तिच्यावर डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५१ मध्ये घेतलेला आक्षेप वजनदार आहे: ती आवश्यक अटी दाखवते, पुरेशा अटी दाखवत नाही; म्हणजे व्यसनासाठी काय असावेच लागते ते कळते, पण तेवढे असले की व्यसन जडतेच, हे सिद्ध होत नाही. मॅकऑलिफ आणि गॉर्डन यांनी १९७४ मध्ये, जुने व्यसनीही केवळ तडफड टाळण्यासाठी नव्हे, तर नशेच्या सुखासाठीही औषध घेत राहतात, असे दाखवून सिद्धांताची मर्यादा अधोरेखित केली.

गुन्हेगारीविषयीची त्यांची मांडणी अधिक वादग्रस्त ठरली. व्यसनी म्हणजे बलात्कारी, खुनी, पिसाट माणूस ही त्या काळातली रूढ प्रतिमा त्यांनी १९४० च्या एका लेखात खोडून काढली. मराठीत ‘गर्दुल्ला’ हा शब्द उच्चारताच जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, तशीच ही प्रतिमा होती. अफूजन्य पदार्थ माणसाला हिंसक न करता सुस्त करतात. व्यसनी चोरी करतो ती मुख्यतः पुढच्या मात्रेच्या पैशांसाठी, आणि त्या मात्रेची किंमत कायद्याच्या बंदीमुळे फुगलेली असते, असे त्यांचे म्हणणे होते. अफूजन्य पदार्थांच्या व्यवहारावर बंधने घालणाऱ्या १९१४ च्या हॅरिसन कायद्यापूर्वी अमेरिकेतील व्यसनींमध्ये औषधांतून व्यसन जडलेल्या, मध्यमवयीन गोऱ्या स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते आणि त्यांना कोणी गुन्हेगार म्हणत नसे. १९१९ च्या एका खटल्यात, व्यसन टिकवण्यासाठी दिलेली औषधचिठ्ठी वैद्यकीय ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. डॉक्टरांनी भीतीने हात आखडते घेतले, व्यसनी काळ्या बाजाराकडे ढकलले गेले, आणि पुढे हे व्यसन महानगरांतील गरीब वस्त्यांत साठत गेले. १९५१ व १९५६ च्या कायद्यांनी किमान शिक्षा सक्तीच्या केल्या. त्यांचा भार मुख्यतः या वस्त्यांतील किरकोळ विक्रेत्यांवर आणि व्यसनींवर पडला.

या विषमतेचे बोलके उदाहरण म्हणून लिंडस्मिथ व्यसनी डॉक्टरांकडे बोट दाखवत. औषध हाताशी असल्याने या व्यवसायात व्यसनाचे प्रमाण बरेच होते, तरी अशा डॉक्टरची प्रकरणे बहुधा उपचार किंवा परवान्याच्या चौकशीपर्यंत जात, तुरुंगापर्यंत क्वचितच. तेच मॉर्फिन, तीच तडफड, पण एकाला रुग्ण ठरवायचे आणि दुसऱ्याला कैदी. याच्या तुलनेसाठी ते ब्रिटनचा दाखला देत. तेथे १९२६ च्या रोलस्टन समितीने, गरज असेल तेथे डॉक्टरने व्यसनीला नियमित मात्रा देणे हा उपचारच आहे, असे मान्य केले होते.

१९३० पासून १९६२ पर्यंत अमेरिकेच्या अमली पदार्थ विभागाचे आयुक्त असलेले हॅरी आन्सलिंगर यांना ही मते रुचली नाहीत. १९४० च्या लेखाला त्याच वर्षी ट्वेन मायकेलसन या न्यायाधीशांनी कडक प्रत्युत्तर दिले. स्वतः लिंडस्मिथ यांच्या मागेही विभागाचा ससेमिरा लागला आणि त्यांच्याविषयीच्या तक्रारी विद्यापीठापर्यंत पोहोचवण्यात आल्या. तरीही त्यांनी लेखन थांबवले नाही, याची नोंद घ्यायला हवी. अमेरिकन बार असोसिएशन आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशन यांच्या संयुक्त समितीचा व्यसनविषयक अहवाल १९६१ मध्ये पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा त्याची प्रस्तावना लिंडस्मिथ यांनी लिहिली. कायद्याचा सविस्तर हिशेब मांडणारे त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये आले, तोवर आन्सलिंगर निवृत्त झाले होते. लिंडस्मिथ यांच्या नावाने १९९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अमली पदार्थविषयक धोरणाचे एक केंद्र सुरू झाले.